पाय दे, रेवा

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिच्या खोलीत पुस्तकं मागे राहिली, आणि इंदूरला खंडवा रोडच्या बाजूला एका तबेल्यात तिची घोडी रेवा राहिली. विकून टाकू, असं घरात दोनदा बोलणं झालं. दोन्ही वेळा मी "बघू" म्हटलं. मी शाळेत गणित शिकवते. तोवर घोड्याशी माझा संबंध एवढाच की मुलीला सोडायला जायचं आणि कुंपणाबाहेर गाडीत बसून वह्या तपासायच्या. पण रेवा मला ओळखायला लागली होती. गाडीचं दार वाजलं की वैरणीतून मान वर काढायची. मुलगी गेल्यावरही ती तशीच मान वर काढून बघत राहिली, आणि विकायचं बोलणं आपोआप बंद पडलं.

रेवा मारवाडी आहे. कान टवकारले की त्यांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या बाजारातून तिला आणलं. तापीकाठचा तो बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना घोडं कसं पारखतात ते ठाऊक असेल. अंगावरचे भोवरे बघतात, कुठला शुभ आणि कुठला खोडीचा यावर तास तास वाद घालतात. ओठ वर करून दातांवरून वय ठरवतात. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. आम्हीही हे सगळं पाहिलं. बरोबर चार जाणकार होते. त्यांतल्या एकानेही तिची टाप उचलून खालून पाहिली नाही. साडी घेतानासुद्धा आपण पदर उलटा करून बघतो. इथे एवढा मोठा जीव घरी आणताना तो ज्याच्यावर उभा राहणार तेच कुणी उलटून पाहिलं नाही, याचं मला आज फार नवल वाटतं.

तबेल्याची जागा आम्ही पाच घरांनी मिळून भाड्याने घेतली आहे. सात जनावरं आहेत. घोडदळातून निवृत्त झालेले सुभेदारकाका, माणसांच्या डॉक्टर असलेल्या एक वहिनी, एक तरुण इंजिनिअर, लग्नाच्या घोड्या आणि बग्गी ठेवणारे भय्याजी, आणि मी. रविवारी सकाळी सगळे असतात. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घेण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं ते सुवर्ण, आणि त्या चौघांच्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून आईबापांना घेऊन मुली चौकशीला यायला लागल्या. त्यांना बघितलं की मला माझं कुंपणाबाहेरचं बसणं आठवतं.

घोडं बाळगणाऱ्या माणसाला सल्ल्याची कधी कमतरता पडत नाही. त्यातही स्वारीचा सल्ला पहिला येतो, कारण स्वार चारचौघांना दिसतो. माझं शिक्षण सुभेदारकाकांनी केलं. कान, खांदा, कंबर, टाच एका ओळंब्यात हवी, हे त्यांचं पहिलं वाक्य. मला ते लगेच पटलं, गणिताच्या बाईला ओळंबा काय समजावायचा! मग म्हणाले, "ताई, लगाम हा जिन्याचा कठडा नव्हे. तोल जातोय म्हणून तो धरायचा नाही. त्याच्या पलीकडच्या टोकाला तिचं तोंड आहे." साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, त्याहून वेगात गेली की तीन, हे ठोके आधी कानाने मोजायचे, मग कमरेने. दुडकीत घोड्याचे तिरके पाय जोडीने पडतात, म्हणून रिंगणात फिरताना बाहेरच्या पुढच्या पायाबरोबर खोगिरावरून उठायचं. बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं नुसतं चालवायचं, परततानाची शेवटची दहा मिनिटंही. सिमेंटच्या रस्त्यावर दौड घ्यायचीच नाही. इतकं सगळं शिकून मी वर्षभरात बरी बसायला लागले. पाय साफ करणं वगैरे काम मोतद्दाराचं, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराचं, असं मी धरून चालले होते.

श्रावणातल्या एका सोमवारी रेवा पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागली.

आदल्या संध्याकाळी ठीक होती. सकाळी तो पाय जेमतेम टेकवून उभी. चालवली तर प्रत्येक पावलाला मान वर झटकायची. बघायला सगळे जमले आणि सगळ्यांचं एकमत झालं, खांदा धरलाय. लंगडणं वरून दिसतं, म्हणून दुखणंही वरच असणार असं आपण समजतो. कुणी गरम विटेचा शेक सांगितला, कुणी हळद आणि मोहरीचं तेल. मी चार दिवस सकाळ-संध्याकाळ तिचा खांदा चोळला. मनापासून चोळला. ती मान फिरवून माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचं तिला बरं वाटतंय.

सुभेदारकाका तेव्हा मुलाकडे गेले होते. चौथ्या रात्री मी फोन केला. त्यांनी खांद्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "टाप हाताला गरम लागते का? दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलीत? घोट्याच्या मागे दोन बोटं ठेवली तर नाडी उडतेय का?" मी म्हटलं, पाहिलं नाही. ते क्षणभर थांबले. "आधी पाय उचला ताई. खांद्याचं नंतर."

पाचव्या दिवशी नालबंद चाचा आले. मोटारसायकलला बांधलेलं पोतं, त्यात हातोडी, जंबूर, कानस, वाकडी सुरी. त्यांनी रेवाचा पाय दोन मांड्यांत घेतला, टापेवर हातोडीने हलके ठोके दिले, मग मोठ्या चिमट्याने टापेची कड थोडी थोडी दाबत पुढे सरकले. एका जागी रेवाने पाय असा हिसडला की चाचा मागे गेले. "यहीं है," ते म्हणाले. नाल काढली. एका खिळ्याच्या भोकातून काळपट पाणी आलं, आणि त्याचा वास मला अजून आठवतो.

ती नाल चाचांनी मारलेली नव्हती. नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून, वाढलेली टाप तासून पुन्हा बसवावी लागते. मी परीक्षांच्या गडबडीत ती अकरा आठवड्यांवर नेली आणि मग घाईघाईत मिळेल त्या माणसाला बोलावलं. नालेच्या खिळ्याचं टोक एका बाजूने तिरपं घडवलेलं असतं, म्हणजे तो ठोकताना आपोआप बाहेर वळतो आणि टापेच्या भिंतीतून वर निघतो. टापेच्या तळाशी, भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ असते. खिळा त्या रेघेच्या बाहेर राहिला तर घोड्याला काही कळत नाही. आत गेला, किंवा नुसता फार जवळून गेला, तरी जिवंत भागावर दाब येतो, ओल आणि घाण शिरते आणि आत पू धरतो. टाप कडक, तिला फुगता येत नाही. म्हणून वेदना भयंकर. आपल्या नखाखाली कुसळ गेलं तर आपण रात्रभर झोपत नाही. हिने त्या पायावर चार दिवस काढले आणि मी खांदा चोळत राहिले.

महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे हे आम्हा इंदूरकरांचं भाग्य. घोड्यांचं कळणारा डॉक्टर तासाभरात मिळतो. डॉक्टरांनी खालून वाट करून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, तेव्हा साधा खिळा लागला तरी ते चुकवायचं नाही, असं बजावलं. कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून दिवसातून दोनदा पाय बुडवायचा आणि कोरडा बांधायचा. तोवर उशीर झालेलाच होता. थोडा पू भिंतीच्या आतून वर चढला होता, आणि दोन दिवसांनी टापेच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात तिथे, बाहेरच्या बाजूला फुटला. त्या रात्री रेवाने पाय सपाट टेकवला. मी बादलीशेजारी ओल्या जमिनीवर बसून रडले.

त्यानंतर मी टाप शिकले. वय ५१.

टाप म्हणजे घोड्याच्या मधल्या बोटाचं नख. एवढं वाक्य ऐकल्यावर सगळा घोडा मला नव्याने दिसला. हे धूड प्रत्येक पायाच्या एकेका बोटाच्या टोकावर उभं आहे, आणि अर्ध्याहून जास्त भार पुढच्या दोघांवर. गुडघ्याखाली स्नायू नाहीत, नुसते कंडरे आणि हाडं. मग इतक्या खालून रक्त वर चढतं कसं? पाय पडला की टापेची मागची बाजू जराशी फाकते, आतली गादी दबते, रक्त वर ढकललं जातं; पाय उचलला की पुन्हा भरतं. चालणारा घोडा स्वतःच्या पायांनी रक्त उपसत असतो. दिवसभर खुंटाला बांधलेल्या घोड्याच्या टापा बिघडतात त्या यासाठी.

पाय उचलायची रीत चाचांनी शिकवली. तिच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभं राहायचं. एकदम खाली हात घालायचा नाही. खांद्यावरून तळहात सरकवत खाली न्यायचा, नळीच्या मागचा कंडरा दोन बोटांत हलके दाबायचा आणि म्हणायचं, "पाय दे." सुरुवातीला ती द्यायची नाही; सगळं वजन मुद्दाम त्याच पायावर टाकून उभी राहायची. मी ओढत होते. चाचा म्हणाले, "खींचो मत बाई, माँगो." मग मी हात तिथेच ठेवून थांबायला लागले. पाच-सहा दिवसांनी एका सकाळी तिने वजन दुसरीकडे घेतलं आणि टाप माझ्या हातात ठेवली. ओली, जड, खाली शेण-माती थापलेली. घोडं संकटात सापडलं तर पळून जाऊन वाचतं, तोच त्याचा पहिला उपाय. आणि ते पळायचं साधन ती मला धरायला देत होती.

आकड्याने टाचेकडून पुढे खरवडत जायचं. मधोमध त्रिकोणी, मऊसर भाग असतो, चाचा त्याला पुतली म्हणतात. निरोगी पुतली खोडरबरासारखी लागते, दाबली तर दबते आणि परत येते. तिच्या दोन्ही बाजूंना खोल चरे असतात. खडे तिथे अडकतात, आणि पावसाळ्यात सडायला सुरुवात तिथूनच होते. काळा चिकट द्रव आणि एक कुजका वास. मी आता टाप साफ करताना आधी वास घेते. नवख्या मुली तोंड वाकडं करतात, पण डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं.

आपल्या माळव्याची काळी माती या बाबतीत फार कठीण. पावसाळ्यात ती टापेत अशी भरते की पाय लाडवासारखा गोल होतो, आणि वैशाखात तीच जमीन दगडासारखी तडकते आणि टापाही तडकतात. तेल लावावं का, यावर आमच्याकडे दर रविवारी वाद होतो. इंजिनिअर दादा रोज जवसाचं तेल चोपडायचा. ओल्या टापेवर तेल चोपडलं तर ओल आत कोंडते, हे चाचांचं म्हणणं, आणि मला ते बरोबर वाटतं. पावसाळ्यात टापेला कोरडी जागा हवी. मूत मुरलेला भुसा रोज काढायचा, उभं राहण्याची जागा उंच करायची, सडायला लागलं तर चरे साफ करून, कोरडे करून डॉक्टर सांगतील ते औषध भरायचं. तेल आलं तर त्याच्यानंतर. रेवाचा एक पाय पांढरा आहे, म्हणून त्याची टापही फिकट आहे, आणि "पांढरी टाप कच्ची" हे मी शंभरदा ऐकलंय. चाचांची कानस चारही टापांवर सारखीच झिजते. टापेची मजबुती रंगावर नसते. ती खाण्यावर, ओलीवर, चालण्यावर आणि वेळेवर तासण्यावर असते.

खाण्याचं भय्याजींकडून ऐकावं. लग्नात नवरदेव घोडीवर चढला की बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवतात. सुंदर रीत आहे. पण तिथीच्या दिवशी एका घोडीला दोन-तीन वराती असतात, आणि प्रत्येक वरातीत सगळ्या बहिणींना हौस असते. घोड्याला एकदम खूप दाणा गेला की आतड्यात आंबतो, आणि त्याचं विष उतरतं टापेत. भिंत आतल्या हाडाला शेकडो पातळ पदरांनी धरलेली असते. त्या पदरांना सूज आली की पकड सुटायला लागते. घोडं पुढचे पाय लांब टाकून मागच्यांवर रेलून उभं राहतं, टापा तापतात. तेव्हा डॉक्टरला फोन करायला सकाळची वाट बघायची नाही. भय्याजींची एक घोडी अशीच कायमची बसली. तेव्हापासून ते वरातीत स्वतः लगाम धरतात आणि हात जोडून सांगतात, "बहनजी, एक चुटकी, बस." आम्हा सगळ्यांत घोड्याचं पोट त्यांना जास्त कळतं. वरातीची घोडी म्हणून लोक नाक मुरडतात ते मला अजिबात आवडत नाही.

एकदा नाल बदलताना चाचांनी उतरलेली जुनी नाल माझ्या हातात दिली. "देखो." मला काही दिसेना. त्यांनी दुसऱ्या पायाची नाल शेजारी ठेवली. डाव्या नालेची बाहेरची फांदी पातळ, जवळजवळ पातीसारखी झालेली. उजवीची दोन्हीकडे सारखी. पायाचा बाक, तासण्यातला कमीजास्तपणा, अशी कारणं असतात, पण ते त्यांनी आधीच तपासलं होतं. मग म्हणाले, "बाई, आप उलटे हाथ को झुक के बैठती हो क्या?" मी नाही म्हटलं. सुभेदारकाकांनी मला रेवावर बसवलं आणि मागून चालत आले. माझ्या उजव्या गुडघ्यात जुनं दुखणं आहे. त्या पायावर भार नको म्हणून मी डावी रिकीब दाबत होते. खोगिराखालचं फडकं काढून पाहिलं तर घामाचा डागही डावीकडे गडद. वर्षभर मी ओळंब्यात बसल्याचं समाधान बाळगून होते, आणि माझा कललेला भार त्या लोखंडावर थोडा थोडा उतरत होता. उजवी रिकीब एक भोक वर घेतली, पाठीचे व्यायाम सुरू केले. त्यानंतरच्या दोन्ही नाला बऱ्याच सारख्या निघाल्या. पातळ झालेली ती नाल मी शुभ म्हणून दारावर ठोकलेली नाही. शाळेच्या वह्यांजवळ टेबलावर ठेवली आहे.

या शहरात राहून घोड्यांचं इतकं उशिरा कळावं याची मला खंत वाटते. रोज आपण मोती तबेल्यावरून, पागनीसपागेवरून, तोपखान्यावरून जातो. मोती तबेल्यात आता कलेक्टर कचेरी आहे. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, होळकरांचं कुलदैवत, आणि तो देवही घोड्यावर. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर, स्वतःचं घोडं आणायचा तो शिलेदार. आणि शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळायची तिचं नाव होतं नालबंदी. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. कपडे, शस्त्रं, दाणा, सगळं त्या पैशांत येत असेल, पण नाव दिलं ते नालेचं. जनावरांच्या वैद्याला जुनी माणसं सालोतरी म्हणायची. तो शब्द शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. आता चाचांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चाचा खिळा ठोकताना डोळ्यांपेक्षा कान लावून असतात. खिळा चांगल्या भागातून जात असेल तर ठोका टणक वाजतो, मऊ जागी गेला की आवाज बसतो. हे ते मला ऐकवतात. मला अजून दहातले सहा कळतात.

दसऱ्याला आम्ही घोड्यांची पूजा करतो. पूर्वी कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ आणि आरती एवढं व्हायचं. गेल्या दसऱ्याला मी आधी चारही टापा धुतल्या, पुसल्या, मग टापांनाही कुंकू लावलं. चाचांची हातोडी आणि कानस पाटावर ठेवली. चाचा संकोचले, पण हातोडी परत घेताना त्यांनी ती कपाळाला लावली.

रेवाचा पू फुटला होता तिथे टापेच्या वरच्या कडेला आडवी चीर पडली होती. टाप महिन्याला साधारण ६ ते ९ मिलिमीटर वाढते, पुढचा भाग पूर्ण नवा व्हायला जवळजवळ वर्ष लागतं, बाजूचा त्याआधी होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पट्टी लावून चीर किती खाली आली ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. दिवाळीत ती वरच्या तिसऱ्या भागात होती. संक्रांतीपर्यंत निम्म्याखाली आली. त्या चार दिवसांची चूक माझ्या डोळ्यांसमोर महिन्याला नखभर सरकत होती, आणि तिला घाई करता येत नव्हती.

चैत्र संपता संपता ती जमिनीशी आली. चाचांनी पाय मांडीवर घेतला, जंबूर लावला, आणि कडेची ती पट्टी चिरेसकट कट्‌कन तुटून खाली पडली. ठेवून घ्यावी म्हणून मी वाकले, तोवर तबेल्यातला कुत्रा ती तोंडात धरून पिंपळाखाली पसार झाला होता. टापा तासल्या की तो तिथेच बसलेला असतो. चाचांनी कडेवर कानस फिरवली, बोटाने चाचपून पाहिलं, आणि रेवाने पाय खाली ठेवला. मी उजव्या बाजूला गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. अजून तीन पाय व्हायचे होते.